सांगलीचे दोन दिवस

आमची येरळा ही तशी गरीब नदी. खटाव तालुक्याच्या माळरानातून ती वाहते आणि उन्हाळ्यात तर तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. पण पावसाळ्यात जे काही पाणी पदरात पडेल ते घेऊन ती दक्षिणेकडे निघते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते. तेथून पुढे तिचे पाणी कृष्णेबरोबर सांगलीच्या घाटावरून जाते. लहानपणी गुरुजींनी ही वाट नकाशावर बोटाने दाखवली, तेव्हा मला मोठा अचंबा वाटला होता. आमच्या गावची नदी आम्हांला न विचारता सांगलीला जाते, आणि आम्ही मात्र वडूजलाच! पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी मीही तिच्या मागोमाग सांगलीला गेलो.

सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आहे. ते १९१९ साली सुरू झाले. तेथील वसतिगृहात आम्ही चौघे मित्र एका खोलीत राहत होतो. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानेच हाक मारत असू. त्यामुळे आमच्यात एक सांगलीकर, एक मिरजकर आणि एक तासगावकर होता. मी अर्थातच वडूजकर. खरे तर सांगलीकराचे घर हाकेच्या अंतरावर होते. पण मित्रांचा सहवास सुटू नये म्हणून तोही आमच्या खोलीतच पथारी पसरी. या चौघांत तासगावकराचा हात चित्रकलेत विलक्षण चाले. स्नेहसंमेलनातील नाटकाचे पडदे तोच रंगवी. त्याने रंगवलेल्या अरण्यात शिरताना आमच्यातील नटांना खरोखरच काटे बोचतील की काय, असे वाटे! पुढे तो चित्रकलेचा शिक्षक झाला आणि मी मराठीचा. चौघेही आपापल्या संसारात गुंतलो. भेटी लग्नाकार्यापुरत्या उरल्या.

गेल्या कार्तिकातील गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. शिवारात शाळू गुडघ्याला लागला होता. एके दिवशी सकाळी सांगलीकराचा फोन आला. नेहमीप्रमाणे थट्टामस्करी न करता तो एकदम म्हणाला,

“वडूजकर, तासगावकराचे डोळे चालले आहेत. त्याला काचबिंदू झाला आहे.”

मी क्षणभर काहीच बोललो नाही. काचबिंदू हा मोठा कपटी रोग. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि पाहिलेले मेंदूपर्यंत पोचवणारी नस हळूहळू दुबळी होत जाते. दुखत नाही, खुपत नाही. प्रथम कडेचे दिसेनासे होते, मग अंधार चहूकडून मध्याकडे सरकू लागतो. औषधांनी तो थोपवता येतो. पण गेलेली दृष्टी परत मिळत नाही. ज्याने सारे आयुष्य मुलांना रंग आणि रेषा शिकवल्या, त्याच्याच वाट्याला हे यावे!

“तो स्वतः काय म्हणतो?” मी विचारले.

“तो म्हणतो, चौघे मिळून दोन दिवस सांगलीत काढू. दिसते आहे तोवर पुन्हा एकदा सारे पाहून घेऊ. एक नाटकही पाहू.”

मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. इतकी वर्षे मुख्याध्यापकी केली. वेळापत्रकावाचून माझे पान हलत नाही. दोन दिवसांत काय काय पाहायचे, याची यादी मी तयार केली. गणपतीचे देऊळ, कृष्णेचा घाट, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, भावे नाट्यमंदिर, मिरजेची तंतुवाद्ये, मिरजेचा दर्गा, आमचे महाविद्यालय, भडंगाची खरेदी अशी एकंदर अकरा कलमे झाली. प्रत्येकापुढे वेळ लिहिली. दोन दिवसांतील एक घटकाही वाया जाणार नाही, अशी व्यवस्था केल्याचे मला मोठे समाधान वाटले.

ठरलेल्या दिवशी पहाटेच्या बसने मी निघालो. मायणीचे तळे मागे पडले, विटे आले, आणि मग तासगावच्या स्थानकावर बस थांबली. खिडकीतून पाहिले, तो तासगावकर उभा. दाराची दांडी धरून तो वर चढला आणि उभ्या उभ्या मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवू लागला. रात्री शेतात विजेरीचा झोत फिरवावा, तशी त्याची नजर एकेका बाकावरून फिरत होती. मी पुढे होऊन त्याचा हात धरणार, तोच ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

“सापडलास!” तो हसून म्हणाला. “अरे, मला आता एका वेळी एकच माणूस दिसतो. पण जो दिसतो, तो पूर्ण दिसतो. तुझ्या सदऱ्याचे वरचे बटण तुटले आहे.”

मी हात लावून पाहिले. खरोखरच तुटले होते. घरातून निघताना आरशात पाहूनही ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

बस सुरू झाल्यावर मी त्याला माझे वेळापत्रक वाचून दाखवले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “यात मधली सुट्टी कोठे आहे?”

सांगलीच्या स्थानकावर बाकीचे दोघे वाट पाहत होते. सांगलीकराबरोबर त्याची नातही आली होती. ती सातवीत शिकते. तिने आम्हां तिघांना वाकून नमस्कार केला आणि तासगावकराला विचारले, “आजोबा, मी तुमचा हात धरू का?”

“हात नको,” तो म्हणाला, “तू माझी नजर हो. कोठे काय आहे, ते सांगत चल.”

येथूनच माझे वेळापत्रक कोलमडू लागले. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही घाटावर गेलो. समोर कृष्णामाई संथ वाहत होती. पलीकडे आयर्विन पूल दिसत होता. १९२९ सालापासून हा पूल कृष्णेवर उभा आहे. पावसाळ्यात नदी किती चढली, हे सांगलीकर या पुलावरच्या खुणांनी मोजतात. २०१९ साली महापूर आला, तेव्हा साऱ्या सांगलीचे डोळे या खुणांकडे लागले होते. घाटासाठी मी अर्धा तास ठेवला होता. माझ्या मते तो पुष्कळ होता. तासगावकराने पायरीवर बसकण मारली आणि मुलीला विचारले, “पाण्याचा रंग कोणता आहे?”

“निळा,” ती चटकन म्हणाली.

“हे तू चित्रकलेच्या वहीतून सांगितलेस. आता नदीकडे पाहून सांग.”

मुलगी गोंधळली. मग डोळे बारीक करून पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “येथे पायरीपाशी मातकट आहे. जरा पुढे हिरवट. पुलाच्या सावलीत काळसर आहे. आणि तिकडे ऊन पडले आहे ना, तेथे रंगच नाही. नुसती चकाकी आहे.”

“शाबास! आता एक कृष्णा नाही, चार कृष्णा झाल्या.”

तो त्या चारी कृष्णा एकामागून एक शोधू लागला. त्याची दृष्टी नळीतून पाहावे तशी. म्हणून त्याला वेळ लागत होता. आम्हीही मग पायरीवर बसलो. यातले पाणी आमच्या येरळेचे कोणते असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. घड्याळाकडे लक्ष गेले, तेव्हा दीड तास उलटला होता. मी खिशातून कागद काढून हरिपूरवर काट मारली.

दुपारी सांगलीकराच्या घरी जेवण होते. वहिनींनी कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी केली होती. ही वांगी मोठी मऊ आणि चवदार. या काठच्या गाळाच्या जमिनीचा तो प्रसाद आहे. जोडीला शाळूची भाकरी, आमटी, कोशिंबीर आणि दाण्याची चटणी. तासगावकराचे ताट आले, तेव्हा आम्ही सारेच जरा अवघडलो. त्याला कोणी वाढावे, कोणी दाखवावे, हे कळेना. तो मात्र खुशाल जेवू लागला. बोटे बरोबर चटणीवर जात होती, बरोबर लिंबाची फोड उचलत होती.

“वहिनी, तुम्ही ताट रीतीप्रमाणे वाढले आहे,” तो म्हणाला. “वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. लहानपणी मला वाटे, आई या रीतीसाठी उगीच रागावते. आता कळते, डोळे मिटूनही जेवता यावे, अशी ती सोय आहे.”

मुलीने लगेच डोळे मिटून चटणी शोधून पाहिली. मग तिच्या आजोबांनी, मग मीही. माझी बोटे आमटीत गेली, तेव्हा सर्वांना हसू आवरेना. त्या हसण्यात अवघडलेपण कोठल्या कोठे विरून गेले.

सायंकाळी आम्ही विष्णुदास भावे नाट्यमंदिरात गेलो. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, ते उगाच नव्हे. १८४२ साली कर्नाटकातील कर्की गावची एक भागवत मंडळी सांगलीला आली होती. तिचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना वाटले, की असे काही मराठीत झाले पाहिजे. त्यांनी हे काम विष्णुदास भावे या तरुणाला सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्या नाटकात सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे आपापली भाषणे बहुधा आयत्या वेळी रचून बोलत. देव शांतपणे येत, राक्षस आरोळ्या ठोकीत येत आणि विदूषक लोकांना हसवी. त्या आरंभाची आठवण म्हणून दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. आम्ही गेलो तेव्हा तो होऊन चारच दिवस झाले होते.

त्या रात्री हौशी कलावंतांचे ‘शारदा’ होते. या नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. नाटक रंगभूमीवर आले १८९९ साली. त्या काळी कोवळ्या मुलींची लग्ने पैशाच्या लोभाने म्हाताऱ्यांशी लावून देत. शारदेचा बापही तसाच लोभी. भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याशी तो तिचे लग्न ठरवतो, आणि त्या पोरीला कोणी विचारतही नाही. बालविवाहाला आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९२९ साली झाला. त्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात, ते हरविलास सारडा यांच्या नावावरून. पण महाराष्ट्रातील लोकांच्या मनात शारदेचे दुःख तीस वर्षे आधीच जाऊन बसले होते.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मुलगी तासगावकराच्या शेजारी होती. रंगमंच केवढा विस्तीर्ण, आणि त्याची नजर केवढी अरुंद! एक पात्र दिसे, तो दुसरे निसटे. मुलगी हलक्या आवाजात सांगू लागली, “आजोबा, डावीकडे. शारदा आली... आता मधे. उजवीकडच्या खांबापाशी तिची आई उभी आहे.” पहिला अंक असाच गेला. मला त्या दोघांची दया येत होती, हे कबूल केले पाहिजे. मी स्वतःशी म्हणत होतो, बिचाऱ्याला अर्धेच नाटक दिसते आहे.

दुसऱ्या एका प्रवेशात शारदा बोलत होती. सारे प्रेक्षागृह तिच्याकडे पाहत होते, मीही पाहत होतो. तोच तासगावकराने माझा गुडघा दाबला.

“आईकडे पाहा,” तो कुजबुजला.

मी नजर वळवली. शारदेची आई एका कडेला उभी होती. तिला त्या वेळी एकही वाक्य नव्हते. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती. मुलीचे रडणे तिला समजत होते आणि नवऱ्यापुढे आपले काही चालणार नाही, हेही समजत होते. त्या पदराच्या टोकात हे सारे दिसत होते. इतक्या मोठ्या प्रेक्षागृहात ते किती जणांनी पाहिले असेल? ज्याचे डोळे चालले होते, त्याने पाहिले.

बाहेर पडल्यावर मी त्याला विचारले, “तुला हे कसे दिसले?”

“बोलणाऱ्याकडे सगळेच पाहतात, वडूजकर. मी ऐकणाऱ्याकडे पाहतो. वर्गातही मी असेच करत असे. एक मुलगा उत्तर देऊ लागला, की ज्याला उत्तर येत नाही त्याच्या तोंडाकडे पाहावे. मग कोणाला शिकवायचे, ते कळते.”

मी जन्मभर उत्तर देणाऱ्याकडेच पाहत आलो होतो. मी काही बोललो नाही.

रात्री गच्चीवर चार पथाऱ्या पडल्या, वसतिगृहातल्या दिवसांसारख्याच. गप्पा रंगल्या. मिरजकराला घोरण्याची सवय तेव्हाही होती, आताही आहे. त्याचा सूर लागल्यावर तासगावकर हळूच म्हणाला,

“जागा आहेस ना? आज एक आठवण सारखी येते आहे. हे खाडिलकरांचे गाव. त्यांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, म्हणजे सैरंध्री, आणि तिला छळणारा कीचक. लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रज सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. ते नाटक कॉलेजात वाचले, तेव्हा मला औंधचे चित्र दिसत होते.”

“रविवर्म्याचे?”

“हो. राजा रविवर्म्याची सैरंध्री. तेरा वर्षांचा असताना वडिलांनी मला औंधच्या संग्रहालयात नेले होते. त्या चित्रापुढून मी हलेना. वडील रागावले, मग शेजारी बसून राहिले. त्या दिवशी मी ठरवले, की आपण चित्रे काढायची. एक सांग, त्या चित्रात सैरंध्रीची नजर कोणीकडे आहे? मला नीट आठवत नाही. तू तर औंधच्या शेजारचा.”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. औंध आमच्या वडूजपासून विसेक किलोमीटर. दर वर्षी मी सातवीची सहल तेथे नेत असे. एकूण किती वेळा ते चित्र मी पाहिले असेल! पण नजर? मला काही केल्या ती आठवेना. आठवत होती ती मुलांची रांग. “हात लावू नका, रांग मोडू नका, पुढे चला,” हे माझे शब्द आठवत होते. विसाव्या मिनिटाला सगळी मुले दुसऱ्या दाराने बाहेर. मग डबे खायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ या विषयावर निबंध. मुले लिहीत, गाडी किती वाजता सुटली, डब्यात काय होते, परत किती वाजता आलो. चित्रांविषयी सारी मुले एकच वाक्य लिहीत: तेथील चित्रे फारच सुंदर आहेत. मी त्याखाली लाल शाईने ‘छान’ असा शेरा देत असे.

“नाही रे आठवत,” मी अखेर म्हणालो.

तासगावकर काही बोलला नाही. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेला गेलो. तेथील तंतुवाद्ये साऱ्या देशात नावाजलेली आहेत. ती बनवणारे शिकलगार पूर्वी शस्त्रांना धार लावीत. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्याच कसबी हातांनी वीणा, सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. तलवारीच्या जागी तंबोरा आला, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मिरजकराच्या ओळखीचे एक कारागीर होते. त्यांच्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत वाळलेले भोपळे रचलेले होते. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते कडू असतात आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. तासगावकराने परवानगी विचारून एका भोपळ्यावर हात फिरवला. “कोठेही सपाट नाही, आणि कोठेही खडबडीत नाही,” तो म्हणाला. “हा आकार पेन्सिलीने काढायला मी मुलांना किती शिणवले असेल!”

कारागिरांनी एक तंबोरा मांडीवर घेतला आणि तार छेडली. आवाज आला, पण बोथट, डब्यावर टिचकी मारावी तसा. मग त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवला. दोरा केसभर पुढे, केसभर मागे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एकाएकी तार गुंजू लागली. एका तारेतून अनेक सूर उमटत आहेत, असे वाटू लागले.

“यालाच जवारी म्हणतात,” ते म्हणाले. “लाकूड, भोपळा, तार, सारे चांगले असले, तरी हा दोरा जागी बसेपर्यंत तंबोरा बोलत नाही.”

“तुम्ही डोळे का मिटले?” मुलीने विचारले.

“कानाने शोधायचे होते ना, बाळ!”

मुलीने तासगावकराकडे पाहिले. तोही डोळे मिटून ऐकत होता. तिच्या चेहऱ्यावर कालपासून जी एक काळजी होती, ती त्या क्षणी थोडी निवळल्यासारखी मला वाटली. या खेपेस मी शारदेच्या आईला विसरलो नव्हतो. मी ऐकणाऱ्यांकडे पाहत होतो.

तेथून आम्ही ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात गेलो. थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले होते. १९३७ साली ते निवर्तले. त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ येथे दर वर्षी गायनाची मैफल भरते. आम्ही थोडा वेळ तेथे बसलो. कोणीच घड्याळ पाहिले नाही.

दुपारी सांगलीला परतून भडंग घेतले. लसणाची आणि तिखटाची खमंग फोडणी दिलेल्या या चुरमुऱ्यांचा वास दुकानाच्या कितीतरी आधी येतो. तासगावकर नाक वर करून सर्वांच्या पुढे चालला होता. “येथे मला वाट दाखवू नका,” तो म्हणाला, आणि बरोबर दुकानापाशी जाऊन थांबला.

स्थानकावर निरोप घेताना मुलीने त्याला विचारले, “आजोबा, तुम्हांला पुढे काहीच दिसेनासे झाले तर?”

मोठ्या माणसांनी दोन दिवस टाळलेला प्रश्न तिने सरळ विचारला. आम्ही तिघे जमिनीकडे पाहू लागलो. तासगावकर मात्र गडबडला नाही.

“वेळेवर औषध घालतो, म्हणजे कदाचित तसे होणार नाही,” तो म्हणाला. “पण झालेच, तर मी तुला फोन करीन आणि विचारीन, आज कृष्णेचा रंग कोणता आहे? तू ‘निळा’ म्हणालीस, तर रागावेन.”

ती हसली. हसताना तिचे डोळे भरून आले होते.

बसमध्ये बसल्यावर मी खिशातील वेळापत्रक काढले. अकरापैकी सहा कलमे पार पडली होती. पाच राहिली होती. असे अपुरे काम पाहून एरवी मी अस्वस्थ झालो असतो. तासगाव जवळ आले, तसा तासगावकर पिशवी सावरू लागला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले.

“उतरू नकोस. घरी फोन करून सांग, की उद्या येतो. आज वडूजला माझ्याकडे राहा. सकाळी औंधला जाऊ.”

“वेळापत्रकात आहे का?” त्याने विचारले.

“नाही.”

“मग येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपला कलासंग्रह लोकांना पाहता यावा, म्हणून १९३८ साली हे संग्रहालय उभारले. लहानशा गावात, डोंगराच्या कुशीत, रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडवलेले माता आणि बालकाचे शिल्पही आहे. हे सारे पाहायला दूरदेशीचे लोक येतात. आणि मी त्यासाठी वीस मिनिटे दिली होती!

सैरंध्रीच्या चित्रापुढे आम्ही दोघे उभे राहिलो. तासगावकराची नजर चित्राच्या एका कोपऱ्यापासून निघाली आणि बोटभर, बोटभर पुढे सरकू लागली. मीही तसेच पाहायचे ठरवले. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटले, पाहून झाले. दहाव्या मिनिटाला ध्यानात आले, की अजून आपण काहीच पाहिले नाही. तेथील पहारेकऱ्याने न सांगता एक स्टूल आणून ठेवले. तासगावकर बसला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. पन्नास वर्षांपूर्वी त्याचे वडील थांबले होते, तसा. किती वेळ गेला, ते मी सांगू शकत नाही. कारण घड्याळ पाहिलेच नाही.

अखेर तो म्हणाला, “सापडली.” त्या दिवशी बसमध्ये मी सापडलो, तेव्हा जसा म्हणाला होता, तसेच.

मुलांनो, सैरंध्रीची नजर कोणीकडे आहे, हे मला आता ठाऊक आहे. पण ते मी येथे लिहीत नाही. इतकी वर्षे मी मुलांना फळ्यावर उत्तरे लिहून देत आलो आणि त्यांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. हे एक उत्तर तुम्ही स्वतः जाऊन शोधावे, अशी माझी इच्छा आहे. औंध तुमच्या गावापासून दूर असेल, तर तुमच्या गावातही एखादे जुने देऊळ असेल, एखादी नदी असेल, एखादा कारागीर डोळे मिटून काम करीत असेल. तेथे जा. सावकाश पाहा. रांग मोडली तरी चालेल.